रेषेची जाडी

चेरीवूडला आधी ट्राम आली, माणसं नंतर. डब्लिनच्या दक्षिणेला, डन लिअरी-रॅथडाउन काउंटीत, समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या उतारावर हे उपनगर आहे. १६ ऑक्टोबर २०१० रोजी लुआस ट्रामच्या ग्रीन लाइनचा सँडिफर्ड ते ब्राइड्स ग्लेन हा साडेसात किलोमीटरचा वाढीव तुकडा सुरू झाला. तेव्हा चेरीवूडच्या थांब्याच्या आसपास डेलसारख्या कंपन्यांची कार्यालयं आणि बरीचशी मोकळी जमीन होती. त्याच वर्षी सरकारने तिथला सुमारे ३६० हेक्टरचा पट्टा नव्या वसाहतीसाठी राखून ठेवला, पण आराखड्याला मंजुरी मिळायला २०१४ साल उजाडलं. इमारती त्यानंतर उभ्या राहू लागल्या. पुण्याजवळची हिंजवडी पाहिलेल्या माणसाला हा क्रम उलटा वाटेल. आपल्याकडे कंपन्या आल्या, मग वस्ती आली, मग कोंडी आली आणि मेट्रोचे खांब सगळ्यांच्या शेवटी.

माणसांच्या आधी रूळ टाकायचे तर एका प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर हातात लागतं: इथे राहायला येणारे लोक रोज कुठे जातील आणि किती जण जातील? आयर्लंडच्या जनगणनेत हे जवळजवळ थेट विचारतात. कामाला किंवा शाळा-कॉलेजला कुठे जाता, कशाने जाता, घरातून किती वाजता निघता. उत्तरांतून ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला की संशोधकांसाठी 'पॉवस्कार' नावाची फाइल तयार होते. देशाचे त्यासाठी बारीक तुकडे पाडलेले असतात. २०११ च्या जनगणनेत ते १८,४८८ होते, एकेकात साधारण ऐंशी ते एकशेवीस घरं. पडद्यावरच्या नकाशात एका तुकड्याला बोट लावा, तिथून निघणाऱ्या रेषा उमटतात. जिकडे जास्त माणसं जातात तिकडची रेषा जाड.

माणसांच्या संख्येप्रमाणे रेषा जाड करायची ही युक्ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा वापरली असेल हे आपल्या मनातही येत नाही. ती वापरली गेली आयर्लंडच्याच नकाशावर, १८३७ साली, आणि वापरणारा होता फौजेतला एक लेफ्टनंट.

आयर्लंडमध्ये रेल्वे कुठून कुठे न्यावी हे ठरवण्यासाठी १८३६ मध्ये एक आयोग नेमला गेला. थॉमस ड्रमंड, रिचर्ड ग्रिफिथ, जॉन बर्गॉइन आणि पीटर बार्लो हे त्याचे सदस्य. सगळ्या बेटावर तेव्हा एकच रेल्वेमार्ग चालू होता: डिसेंबर १८३४ मध्ये सुरू झालेला डब्लिन ते किंग्सटाउन. किंग्सटाउन म्हणजे आजचं डन लिअरी, चेरीवूडच्या शेजारचं बंदर. जिथे रेल्वे नाही तिथे रेल्वेला किती प्रवासी मिळतील हे कसं ठरवायचं? आयोगाने सरळ विचार केला. आज घोड्यांच्या गाड्यांतून जे जातात ते उद्या रेल्वेने जातील, म्हणून आधी ते मोजा. हे मोजलेले आकडे कागदावर मांडायचं काम रॉयल इंजिनिअर्समधल्या हेन्री ड्रुरी हार्नेस याच्याकडे आलं.

हार्नेसने तीन नकाशे केले. एकात नियमित सार्वजनिक गाड्यांनी जाणारे प्रवासी, दुसऱ्यात मालाची वाहतूक, तिसऱ्यात लोकसंख्येची दाटी. पहिल्या दोन नकाशांत गावागावांमधून पट्टे धावतात आणि वाहतूक जितकी जास्त तितका पट्टा रुंद. डब्लिनकडे येताना ते फुगत जातात. तिसऱ्या नकाशात शहरं वर्तुळांनी दाखवली आहेत, वस्तीच्या प्रमाणात लहान-मोठी. उरलेल्या मुलखाची दाटी त्याने काउंटीच्या सरकारी हद्दींत कोंबली नाही. जिथे डोंगर आणि दलदल आहे तिथे छटा विरळ, जिथे शेतं आहेत तिथे गडद. तालुक्याची सरासरी सगळ्या तालुक्यावर सारखीच फासणारे नकाशे आजही रोज छापले जातात, ते पाहिले की या लेफ्टनंटची समज किती पुढची होती ते कळतं.

आकड्यांचं चित्र काढण्याची कल्पना त्याआधी पन्नास वर्षं जुनी होती. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये व्यापाराचे रेषालेख छापले आणि त्याच पुस्तकात स्कॉटलंडच्या एका वर्षाच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेखही दिला. सतरा ठिकाणांशी होणाऱ्या त्या व्यापारात सगळ्यात लांब पट्ट्या आयर्लंडच्या आहेत. प्लेफेअरने जेम्स वॉटकडे आराखडे काढले, पॅरिसमध्ये जमिनीच्या भानगडी केल्या, बँक काढून बुडवली, कर्जं केली. अशा माणसाच्या हातून स्तंभालेख, रेषालेख आणि १८०१ मध्ये पायचार्ट निघाला. पण हे सगळे आलेख तक्त्यासारखे चौकटीत बसलेले. आकड्यांना दिशा देऊन ते जमिनीवर चालवण्याचं काम हार्नेसचं.

आयोगाचा अहवाल १८३८ मध्ये निघाला. सोबतच्या अॅटलसमध्ये हार्नेसच्या नकाशांशेजारी ग्रिफिथचा आयर्लंडचा भूगर्भीय नकाशाही होता. रेल्वेचे मुख्य मार्ग सरकारच्या पाठबळाने, एका आराखड्यानुसार बांधावेत ही शिफारस मागे पडली आणि ड्रमंड १८४० मध्ये वारला. हार्नेस पुढे शाही टाकसाळीत गेला. १८५८ मध्ये तो लखनऊच्या वेढ्यात इंग्रज फौजेच्या इंजिनिअरांचा प्रमुख होता. नकाशांकडे तो पुन्हा वळला नाही. हार्नेसच्या नकाशांनंतर आठ वर्षांनी, १८४५ मध्ये, फ्रान्समध्ये शार्ल मिनार याने असेच पट्ट्यांचे नकाशे काढायला सुरुवात केली आणि आयुष्यभर काढत राहिला. नेपोलियनच्या रशियन मोहिमेचा त्याचा १८६९ चा नकाशा या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत असतो. त्यामुळे श्रेय मिनारकडे गेलं. आर्थर रॉबिन्सन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९५५ मध्ये हार्नेसच्या नकाशांवर लेख लिहिला, तेव्हा कुठे ते पुन्हा उजेडात आले. शोध लागतो एकदा. तो टिकवायचा तर कुणीतरी त्याच कामाला चिकटून राहावं लागतं.

चेरीवूडपासून काही किलोमीटरवर किलायनीचा समुद्रकिनारा आहे. तिथे ऑक्टोबर १८४९ मध्ये रॉबर्ट मॅलेट या डब्लिनच्या लोखंड-कारखानदाराने वाळूत बंदुकीची दारू पुरून स्फोट केले. भूकंपाची लाट जमिनीतून किती वेगाने जाते हे त्याला मोजायचं होतं. पाऱ्याने भरलेल्या भांड्यात उमटलेलं प्रतिबिंब दुर्बिणीतून पाहायचं आणि ते थरथरलं की क्षण टिपायचा, असा त्याचा बेत. वाळूत सेकंदाला सुमारे ८२५ फूट वेग आला. जवळच्या ग्रॅनाइटमध्ये चांगल्या अखंड खडकात १,६६५ फूट. नंतर मॅलेटने मुलाच्या मदतीने जगभरच्या सहा हजारांहून अधिक भूकंपांची यादी केली आणि १८५८ मध्ये त्यावरून जगाचा नकाशा रंगवला. त्या नकाशात भूकंप सगळीकडे विखुरलेले दिसत नाहीत, समुद्रांच्या कडेने पट्ट्यांत दिसतात. भूपट्टांचा सिद्धान्त यायला अजून शंभरहून अधिक वर्षं होती.

मॅलेटच्या नकाशाला एक गोष्ट मात्र विचारता येत नाही. 'एवढी शंभर वर्षं वगळून दाखव' असं म्हटलं तर तो ढिम्म राहतो. पुन्हा यादी घ्या, पुन्हा रंगवा, पुन्हा छापा. आज अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कुणीही कोयनेच्या परिसराभोवती चौकट आखून वर्षं ठरवू शकतो आणि ११ डिसेंबर १९६७ चा धक्का व त्याच्या आसपासचे धक्के वेगळे काढू शकतो. चौकट सरकवली की उत्तर बदलतं. यालाच इंटरॅक्टिव्ह व्हिज्युअलायझेशन म्हणतात. चित्र हलतं म्हणून नव्हे, तर पाहणारा एक उत्तर पाहून तिथेच दुसरा प्रश्न विचारू शकतो म्हणून.

हे शक्य करायला संगणक लागला, आणि सुरुवातीला तो फार महाग होता. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी संख्याशास्त्रज्ञ जॉन टकी यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रात फिशरकेलर आणि फ्रीडमन यांच्याबरोबर 'प्रिम-नाइन' बनवलं. नऊ मितींपर्यंतचा डेटा पडद्यावर फिरवायचा, नको असलेले ठिपके झाकायचे, हवे ते अलग काढायचे. त्यासाठी मागे आयबीएमचा अवाढव्य संगणक चालत असे. बाकीच्या संख्याशास्त्रज्ञांनी त्याची फिल्म पाहून समाधान मानलं. १९८४ मध्ये मॅकिन्टॉश आला आणि माउस टेबलावर आला. १९८७ मध्ये बेल लॅब्जमधल्या बेकर आणि क्लीव्हलंड यांनी 'ब्रशिंग'वर निबंध लिहिला: एका आलेखातल्या ठिपक्यांवरून चौकट फिरवली की तीच माणसं, तीच गावं, तेच प्रयोग बाजूच्या सगळ्या आलेखांत उजळतात.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तेव्हा जॉन हॅस्लेट, अँटनी अन्विन आणि ग्रॅहम विल्स ही मंडळी होती. संख्याशास्त्राचा विभाग, हाताशी मॅकिन्टॉश आणि डोक्यात आयर्लंडचे प्रश्न. हॅस्लेट आणि एड्रियन राफ्टरी यांनी १९८९ मध्ये आयर्लंडच्या वाऱ्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. पवनचक्क्या कुठे उभारल्या तर किती वीज मिळेल? त्यासाठी त्यांच्याकडे बारा हवामान केंद्रांच्या १९६१ ते १९७८ या अठरा वर्षांच्या रोजच्या नोंदी होत्या, म्हणजे प्रत्येक केंद्राचे ६,५७४ आकडे. त्यातलं रॉसलेअर हे केंद्र इतरांशी जुळेना, म्हणून ते त्यांनी बाजूला ठेवलं. जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत हा डेटा अजून वापरला जातो.

एखादं केंद्र जुळत नाही हे ओळखायचं कसं? ट्रिनिटीच्या मंडळींनी आधी 'स्पायडर' आणि मग 'रिगार्ड' असे नकाशावर चालणारे प्रोग्रॅम लिहिले. १९९१ मध्ये 'अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकात हॅस्लेट, ब्रॅडली, क्रेग, अन्विन आणि विल्स यांचा जो निबंध आला त्यातली कल्पना आपल्या ओळखीच्या मुलखात समजून घेऊ.

समजा, सातारा जिल्ह्यात बारा पर्जन्यमापक आहेत. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर ६६ होतात. प्रत्येक जोडीचा एक ठिपका काढा. आडव्या अक्षावर त्या दोन ठिकाणांमधलं अंतर, उभ्या अक्षावर त्यांच्या पावसातला फरक. साधारणपणे जवळच्या ठिकाणी पाऊस सारखा, लांबच्या ठिकाणी वेगळा, म्हणून ठिपक्यांचा ढग डावीकडे खाली आणि उजवीकडे वर असा पसरतो. डावीकडे वरच्या कोपऱ्यात, म्हणजे अंतर कमी आणि फरक प्रचंड, अशा जागी सहसा काही नसावं. पण महाबळेश्वर आणि वाई यांच्यात सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटर आहेत. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वाईला हजारही नाही. हा ठिपका नेमका त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

कागदावर एवढंच कळलं असतं की काही जोड्या विचित्र आहेत. कोणत्या, ते शोधायला ६६ ओळींचा तक्ता चाळा. डब्लिनच्या प्रोग्रॅममध्ये त्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांभोवती माउसने चौकट ओढायची. शेजारच्या खिडकीत नकाशा उघडा असतो आणि निवडलेली प्रत्येक जोडी त्यावर रेषेने जोडली जाते. आता खरी मजा. सगळ्या रेषा एकाच ठिकाणाहून फुटल्या असतील तर दोष किंवा वैशिष्ट्य त्या एका ठिकाणात आहे: मापक बिघडलेला, नोंद चुकीची, किंवा जागाच आगळी. रेषा एका लांबट पट्ट्याला आडव्या छेदत असतील तर तिथे भूगोलातच काहीतरी आहे. साताऱ्याच्या नकाशात त्या रेषा सह्याद्रीचा कडा ओलांडताना दिसतील. पर्जन्यछायेचा प्रदेश शाळेत आपण पाठ करतो; इथे तो कुणी न सांगता समोर येतो. ६६ जोड्यांचं डोक्याने जमेल, पण तीनशे केंद्रं घेतली तर जोड्या ४४,८५० होतात.

ही कल्पना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. दोन अगदी वेगळ्या प्रकारचे आलेख, एकात जोड्या आणि दुसऱ्यात ठिकाणं, आणि त्यांच्यामध्ये दुवा म्हणून माणसाचा हात. चित्र म्हणून पाहाल तर दोन्ही आलेख ओबडधोबड आहेत. काळे ठिपके, पांढरी पाटी.

विल्स आणि अन्विन यांनी कालमालिकांसाठी 'डायमंड फास्ट' नावाचाही प्रोग्रॅम लिहिला. एकावर एक रेषालेख ठेवायचे, हाताने सरकवायचे, ताणायचे आणि जुळतात का ते पाहायचं. स्पायडर, रिगार्ड, डायमंड फास्ट हे तिन्ही आता चालत नाहीत. ज्या यंत्रांसाठी ते लिहिले ती यंत्रंच गेली. हार्नेसचा नकाशा दीडशेहून अधिक वर्षांनी कपाटातून काढून पाहता येतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा इंटरॅक्टिव्ह नकाशा पाहायला जुनं मशीन शोधावं लागतं. या क्षेत्रातल्या शोधांचं हे दुखणं आहे, आणि म्हणूनच इथे माणसांच्या नोकऱ्यांचा इतिहास प्रोग्रॅम्सच्या इतिहासापेक्षा जास्त उपयोगी पडतो. कल्पना माणसांबरोबर गाव बदलत गेल्या.

ग्रॅहम विल्स बेल लॅब्जला गेले. तिथे त्यांनी 'निचवर्क्स' लिहिलं. कोणी कोणाला फोन केला अशा हजारो दुव्यांचं जाळं पडद्यावर पसरायचं आणि संशयास्पद गुंते निवडून पाहायचे. आंतरराष्ट्रीय फोनमधली फसवणूक पकडण्यासाठी त्याचा वापर कसा होतो यावर विल्स आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा निबंध आहे. नंतर ते एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या कंपनीत आले. तिथे लेलंड विल्किन्सन होते, ज्यांचं 'ग्रामर ऑफ ग्राफिक्स' १९९९ मध्ये निघालं होतं. विल्किन्सन यांचं म्हणणं असं की पायचार्ट, स्तंभालेख, ठिपक्यांचा आलेख अशी वेगवेगळी नावं पाठ करण्यात अर्थ नाही. डेटा, अक्ष, आकार, रंग आणि निर्देशांक-पद्धती यांच्या जुळणीतून सगळे आलेख निघतात. तुकडे एकावर एक रचलेला एकच स्तंभ घेऊन त्याचे अक्ष वर्तुळाकार वळवले की पायचार्ट होतो. २००९ मध्ये आयबीएमने एसपीएसएस विकत घेतली आणि विल्स यांचं काम आयबीएमच्या उत्पादनांत शिरलं. 'ब्रुनेल' ही त्यांच्या गटाची आलेखभाषा सर्वांसाठी खुली केली गेली.

अन्विन मात्र जर्मनीत ऑग्सबुर्ग विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या गटात 'मॅनेट' तयार झालं. चित्रकाराच्या नावासारख्या या नावाच्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य दडवलेलं आहे: गहाळ नोंदींनाही आता समान वागणूक. भरलेल्या आकड्यांइतकंच न भरलेल्या आकड्यांकडेही आलेखात पाहता यावं, असा त्यामागचा आग्रह. सरकारी तक्त्यांतले रिकामे रकाने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याचं मोल सांगायला नको. मॅनेटवर काम करणाऱ्या हाइके हॉफमन पुढे अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात गेल्या. तिथे त्यांनी आणि डाय कुक यांनी ज्या न्यूझीलंडच्या विद्यार्थ्याला पीएचडीसाठी मार्गदर्शन केलं, तो हॅडली विकम. विकम यांनी विल्किन्सन यांचं व्याकरण 'आर' या मोफत भाषेत आणलं आणि २००७ मध्ये 'जीजीप्लॉट-टू' जगासमोर ठेवलं. आज संशोधनपत्रिकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत त्याचे आलेख दिसतात. म्हणजे ट्रिनिटीतून निघालेल्या दोन वाटा, एक एसपीएसएसकडे जाणारी आणि दुसरी ऑग्सबुर्गमार्गे, विल्किन्सन यांच्या व्याकरणाशी येऊन एकत्र भेटल्या. गंमत अशी की या इंटरॅक्टिव्ह घराण्यातलं सगळ्यात नावाजलेलं अपत्य स्थिर चित्रं काढतं. आपल्याकडचंही एक नाव इथे घ्यायला हवं. 'आर'मधलं 'लॅटिस' हे आलेखांचं पॅकेज दीपायन सरकार यांनी लिहिलं, जे दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकवतात.

बाजारातली वाट वेगळी. बेन श्नायडरमन यांच्या मेरीलंडच्या प्रयोगशाळेतून क्रिस्टोफर आल्बर्ग यांनी 'स्पॉटफायर' हे सॉफ्टवेअर बाजारात नेलं. स्टॅनफर्डच्या 'पोलॅरिस' या संशोधनातून २००३ मध्ये 'टॅब्लो' कंपनी निघाली आणि २०१९ मध्ये सेल्सफोर्सने तिच्यासाठी पंधरा अब्जांहून अधिक डॉलर मोजले. २०११ मध्ये माइक बोस्टॉक यांची 'डी-थ्री' ही आलेखांची लायब्ररी आली आणि ब्राउझरमध्ये काय वाटेल ते काढता येऊ लागलं. यानंतर 'डेटा व्हिज्युअलायझेशन'चा उल्लेख नोकरीच्या जाहिरातींत आणि व्हिजिटिंग कार्डांवर येऊ लागला. प्लेफेअर, हार्नेस आणि मॅलेट यांच्यापैकी एकाच्याही हाती असं कार्ड नव्हतं.

पुढे नोकऱ्या वाढल्या तसा डॅशबोर्डांचा सुळसुळाट झाला, आणि त्यातले बहुतेक शोभेचे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. वेगदर्शकासारखे अर्धगोल, फिरणारे गोळे, माउस नेला की वर येणारी चौकट. तीन महिने कुणी ते उघडून पाहिलं नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्राफिक्स विभागातले आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की वाचकाला आलेखात काही दाबायला लावलं तर बहुतेक जण ते दाबत नाहीत. अन्विन यांनी यातला भेद नेमका ओळखला आहे. एक आलेख शोधणाऱ्यासाठी असतो, दुसरा सांगण्यासाठी. शोधणारा एकटा बसून शंभर आलेख काढतो आणि फेकतो, त्याला माउस हवाच. वाचकाला त्यातला एक पुरतो आणि तो नीट निवडलेला असावा. दोघांना एकाच साच्यात बसवू पाहणारे डॅशबोर्ड दोघांच्याही कामाचे राहत नाहीत. सार्वजनिक डॅशबोर्डांत मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो तो 'डब्लिन डॅशबोर्ड'. मेनूथ विद्यापीठात रॉब किचिन यांच्या प्रकल्पाने डब्लिन महापालिकेबरोबर २०१४ मध्ये तो सुरू केला. शहराचे वेगवेगळ्या खात्यांतले आकडे त्याने एका जागी आणून नागरिकांपुढे ठेवले. त्यावर सर्वांत बोचरी टीकाही किचिन यांनीच लिहिली आहे: शहराचे आकडे म्हणजे शहर नव्हे.

खरोखर कामाचा इंटरॅक्टिव्ह आलेख पाहायचा असेल तर भारतीय रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात जावं लागेल. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानकं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा. रेषा जितकी उभी तितकी गाडी वेगात. आडवी झाली की गाडी थांबली. हा आलेख एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला. कोकण रेल्वेचा मार्ग अजून बराचसा एकेरी आहे. तिथे दोन गाड्यांच्या रेषा एकमेकींना छेदायच्या तर त्या स्थानकाच्या ओळीवरच छेदाव्या लागतात, मध्ये नाही. आपण डब्यात बसून 'क्रॉसिंग लागलंय' म्हणून ज्याला शिव्या देतो तो हाच छेदनबिंदू. सेक्शन कंट्रोलर पूर्वी हा चार्ट पेन्सिलीने ओढत असे. आता तो संगणकाच्या पडद्यावर असतो, पण काम तेच आहे. गाडी उशिरा सुटली की रेषा उजवीकडे सरकते, छेद चुकीच्या जागी येतो आणि कुणाला कुठल्या स्थानकात थांबवायचं हे त्याच मिनिटाला ठरवावं लागतं. या माणसाच्या कार्डावर डेटा व्हिज्युअलायझेशन लिहिलेलं नसतं, पण त्याच्याइतका आलेख वाचणारा माणूस आपल्या आयटी पार्कात मिळणं कठीण.

या धंद्यात शिरू पाहणारी मुलं सहसा विचारतात की कुठलं सॉफ्टवेअर शिकू. वरच्या गोष्टीत सॉफ्टवेअर सगळ्यांत आधी मेलं आहे. हॅस्लेट यांना वारा कळत होता, मॅलेटला खडक, हार्नेसला रस्ते. टॅब्लोची परीक्षा देऊन पहिली नोकरी मिळेल, नाही असं नाही. पण आलेखात विचित्र कोपऱ्यात बसलेला ठिपका हा बिघडलेला मापक आहे की महाबळेश्वर आहे, हे सांगायला परीक्षा पुरत नाही. शिवाय या कामाचा मोठा भाग आकडे निस्तरण्यात जातो: एकाच गावाची तीन स्पेलिंगं, शून्य आणि रिकामा रकाना यांची गल्लत, मिलिमीटर आणि सेंटिमीटर यांची सरमिसळ. जाहिरातीत हे लिहीत नाहीत.

आता चेरीवूडला जायचं तर ट्रिनिटी कॉलेजच्या दारातल्या थांब्यावरून ग्रीन लाइनची ट्राम थेट मिळते. शहराच्या मध्यातून जाणारा तो जोडमार्ग ९ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाला.  त्याच ग्रीन लाइनच्या शार्लमाँट ते सँडिफर्ड या भागाखाली १८५४ च्या हारकोर्ट स्ट्रीट रेल्वेची वाट आहे. ती रेल्वे १९५८ च्या ३१ डिसेंबरला तोट्याचं कारण देऊन बंद केली होती आणि त्याच वाटेवर २००४ मध्ये ट्राम धावू लागली. किती माणसं कुठे जातील याचा हिशोब मधल्या ४५ वर्षांत पार बदलला होता.

वाचकांपैकी कुणाला हात घालून पाहायचा असेल तर 'जीओडा' हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. नकाशात निवडलेलं आलेखात उजळतं, आलेखात निवडलेलं नकाशात. महाराष्ट्राच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर तालुका आणि महसूल मंडळांप्रमाणे पावसाचे आकडे आहेत. आपला जिल्हा घ्या, एक पावसाळा घ्या, आणि जो आकडा शेजाऱ्यांशी जुळत नाही त्या मंडळातल्या एखाद्या शेतकऱ्याला फोन करून विचारा की तिथे खरंच काय झालं होतं.